गाठीत द्यायच्या हायड्रोजेल औषधांबाबत कर्करुग्ण व नातेवाईकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
भारताचे औषध महानियंत्रक, नवी दिल्ली
(प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य)

विषय : इंजेक्शनने थेट गाठीत देता येणाऱ्या हायड्रोजेल औषधांचे संशोधन, चाचण्या, किंमत आणि सरकारी योजनांतील समावेश.

महोदय,

आमची संघटना कर्करोग झालेल्यांची आणि त्यांच्या उशाशी बसलेल्यांची आहे. परळच्या फूटपाथवर पथारी टाकून नंबराची वाट पाहिलेले, धर्मशाळेत स्टोव्हवर भात शिजवलेले, केस पेपरांची फाइल छातीशी धरून लोकल पकडलेले असे आम्ही लोक. एरवी आमची निवेदने खाटा, औषधांचा तुटवडा आणि रेल्वेच्या सवलतीच्या पासबद्दल असतात. या वेळी मात्र अजून प्रयोगशाळेबाहेर न पडलेल्या औषधाबद्दल लिहीत आहोत. औषध दुकानात येते तोवर त्याचे पेटंट, किंमत आणि चाचणीच्या अटी ठरून गेलेल्या असतात. मग आम्ही निवेदन देतो, तुम्ही ते पुढे पाठवता आणि दरम्यान पेशंट जातो. म्हणून या खेपेला आधीच बोलायचे ठरवले आहे.

२०२५ च्या सुरुवातीला आयआयटी गुवाहाटी आणि कोलकात्याचे बोस इन्स्टिट्यूट यांचे संशोधन वर्तमानपत्रांत आले. गुवाहाटीच्या रसायनशास्त्र विभागातील प्रा. देवप्रतिम दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी छोट्या पेप्टाइडांपासून, म्हणजे मोजक्या अमिनो आम्लांच्या साखळ्यांपासून, पाणी धरून ठेवणारे एक जेल तयार केले. त्यात डॉक्सोरुबिसिन हे जुने केमोचे औषध भरले आणि स्तनाच्या कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांना ते एकदाच टोचले. १८ दिवसांत गाठ सुमारे ७५ टक्क्यांनी आक्रसली आणि इतर अवयवांवर दुष्परिणाम दिसले नाहीत, असे संशोधकांनी नोंदवले. ‘मटेरियल्स होरायझन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले आहे.

यातली युक्ती आम्हाला समजली ती अशी. घट्ट सॉसची बाटली झटकली की सॉस वाहतो आणि ताटात पडला की पुन्हा थबकतो. तसे हे जेल सुईतून दाबाने जाते आणि आत गेल्यावर पुन्हा जमते. रक्तात किंवा शरीरातल्या पाण्यात ते सहजी विरघळत नाही, त्यामुळे टोचले तिथेच राहते. गाठीच्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचा रेणू निरोगी पेशींपेक्षा जास्त असतो. त्याच्याशी गाठ पडली की जेलचे धागे सुटू लागतात आणि औषध थोडे थोडे बाहेर पडते. शिरेतून सलाईनवाटे दिलेले औषध साऱ्या शरीरभर फिरते आणि गाठीपर्यंत त्यातला थोडाच वाटा पोहोचतो. इथे सगळा साठाच गाठीच्या आत.

ज्यांनी डॉक्सोरुबिसिन घेतले आहे त्यांना याचे मोल सांगावे लागत नाही. वॉर्डात त्याला ‘लाल औषध’ म्हणतात. सिस्टर ते सिरिंजमधून हळूहळू सोडते, मधूनमधून थांबून विचारते, ‘आग होतेय का? दुखतंय का?’ शेजारच्या बाईच्या तोंडात बर्फाचा खडा असतो, तोंड येऊ नये म्हणून. घरी गेल्यावर लघवी लाल होते आणि कोणी आधी सांगितले नसेल तर घरातले रक्त समजून घाबरतात. पंधरवड्यात उशीवर केस. आणि दर काही सायकलनंतर टूडी एको, कारण हे औषध हृदयाचा स्नायू दुबळा करते. आयुष्यभरात एका माणसाला ते किती द्यायचे याला म्हणून मर्यादाच आहे. कर्करोग उलटला आणि ती मर्यादा आधीच गाठलेली असेल, तर या औषधाचा रस्ता पेशंटला बंद.

त्याच वॉर्डातली दुसरी गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. सिस्टर ‘आग होतेय का’ विचारते ते उगाच नाही. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपले तर कातडी आणि खालचे मांस जाळते. कधी कधी तिथे शस्त्रक्रिया करावी लागते. आता हेच औषध मुद्दाम मांसात ठेवायचे आहे. जेल ते सावकाश सोडेल तर गाठ जळेल, एकदम सोडले तर भोवतालचे मांस. उंदराची छोटी गाठ आणि तीन मुलांच्या आईच्या छातीतली, कातडीला चिकटलेली गाठ यांत फार अंतर आहे. शिवाय ग्लुटाथायोन काही फक्त गाठीतच नसते. यकृतात ते भरपूर असते, निरोगी पेशींतही असते. जेलमधून निसटलेले औषध कुठे जाते, जेलचे तुकडे किती दिवस शरीरात राहतात, लसिका ग्रंथींत साचतात का, हे पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

म्हणून आमची पहिली मागणी बातम्यांबद्दल आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेने असे संशोधन जाहीर करताना पहिल्याच वाक्यात ‘उंदरांवर’ किंवा ‘प्रयोगशाळेतील पेशींवर’ असे स्पष्ट लिहावे, असा आदेश काढा. गुवाहाटीच्या संशोधकांनी काही लपवलेले नाही, त्यांच्या निवेदनात प्राण्यांचा उल्लेख आहे. तो गळतो पुढच्या टप्प्यावर. मोबाइलवर फिरत फिरत ‘एका इंजेक्शनात कॅन्सर बरा’ एवढेच आमच्यापर्यंत पोहोचते. नाशिकहून, नांदेडहून, बेळगावहून लोक फोन करतात, ‘ते जेल कुठं मिळतं?’ काही जण चालू केमो थांबवून विचारतात. तो फोन घेणाऱ्याला काय बोलावे ते सुचत नाही.

हेही लगेच सांगून टाकतो : गाठीतले जेल गाठीवरच काम करते. फुप्फुसात, यकृतात, हाडांत पसरलेल्या कर्करोगाला ते पुरे पडणार नाही. आपल्याकडे पेशंट येतात तेच उशिरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण आणि ९.१ लाखांहून अधिक मृत्यू झाले. स्तनाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण १.९ लाखांच्या वर, ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे १.४ लाखांच्या वर. स्तन, तोंड, गर्भाशयमुख : सुई पोहोचेल अशा जागांचे कर्करोग या देशात कमी नाहीत. या विषयात आम्ही लक्ष घालतो ते त्यामुळे.

आणि कल्पना हवेतली नाही. पाणी धरणारी जेल शरीरात वापरता येतील हे प्रागच्या ओट्टो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० मध्येच मांडले. त्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. अमेरिकेत २०१५ पासून प्रोस्टेटच्या रेडिएशनआधी प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यामध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे जेल टोचतात. त्याने गुदाशय किरणांपासून लांब सरकतो आणि साधारण सहा महिन्यांत ते शरीरात विरघळते. त्यात औषध नाही, नुसते अंतर राखायचे काम. २०२० मध्ये तिथे मूत्रपिंडाच्या नळीतल्या हळू वाढणाऱ्या कर्करोगासाठी मायटोमायसिन भरलेले ‘जेलमायटो’ मंजूर झाले. थंड असताना ते पातळ असते आणि शरीराच्या उबेने घट्ट होते. ७१ रुग्णांच्या चाचणीत ४२ जणांची गाठ दिसेनाशी झाली. याच पद्धतीचे मूत्राशयाच्या कर्करोगावरचे औषध जून २०२५ मध्ये मंजूर झाले, तेही अमेरिकी सल्लागार समितीचा कौल ५ विरुद्ध ४ असा विरोधात गेल्यानंतर. तो वाद वाचण्यासारखा आहे. गाठ जाते हे कोणी नाकारत नव्हते. तुलनेचा गट नसलेल्या चाचणीवरून फायदा कसा मोजायचा, हा प्रश्न होता.

फसलेली उदाहरणेही आमच्या डोळ्यांसमोर आहेत. पॅक्लिटॅक्सेल भरलेले ‘ऑन्कोजेल’ अन्ननलिकेच्या कर्करोगात नेहमीच्या केमो-रेडिएशनला जोडून पाहिले, जास्तीचा फायदा दिसला नाही. त्याआधी सिस्प्लॅटिन आणि ॲड्रेनॅलिन भरलेले कोलॅजेनचे जेल डोके-मानेच्या गाठींत टोचून पाहिले होते. गाठी लहान झाल्या, पण औषध बाजारापर्यंत पोहोचले नाही. तोंडाच्या कर्करोगाने पोखरलेल्या आपल्या महाराष्ट्राला ही दुसरी हकीकत विशेष जवळची.

यावरून आमची दुसरी मागणी. हायड्रोजेलच्या मानवी चाचण्यांना परवानगी देताना ‘गाठ किती टक्के लहान झाली’ यावर समाधान मानू नका. गाठ परत आली का, स्तन किंवा जबडा वाचला का, पेशंट किती वर्षे जगला, जखम चिघळली का, तोंडाने जेवता आले का, हे मोजायला लावा. शक्य तिथे तुलनेचा गट हवाच. आणि चाचणी फसली तरी तिचे निकाल ठरावीक मुदतीत भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीवर जाहीर झाले पाहिजेत. ज्यांनी स्वतःच्या शरीरात सुई टोचून घेतली त्यांच्या त्रासाचे एवढे तरी चीज व्हावे.

अशी चाचणी आपल्याकडे होते, होऊ शकते. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांवर १,५८३ स्त्रियांचा अभ्यास झाला. स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या जेमतेम सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती ०.५ टक्के लिडोकेनचे, म्हणजे दात काढताना देतात त्या बधिरतेच्या औषधाचे, इंजेक्शन. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण ९०.१ टक्के, इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के. पेटंट नाही, महागडे यंत्र नाही. २०२३ मध्ये हा अभ्यास ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त आला. गाठीजवळ टोचायचे स्वस्त औषध सरकारी रुग्णालयांनी मिळून तपासायचे आणि हजारो स्त्रियांना उत्तर द्यायचे, हे मुंबईने करून दाखवले. कंपनीला यात नफा नव्हता, म्हणून ते सार्वजनिक संस्थेलाच करावे लागले. हायड्रोजेलचेही पुष्कळसे असेच होणार आहे.

तिसरी मागणी सर्वांत खर्चाची, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. प्रबंध आणि पेशंट यांच्यामध्ये जो रस्ता आहे तिथेच आपल्याकडची बहुतेक कामे मरतात. उंदरानंतर कुरतडणाऱ्या प्राण्यांपलीकडच्या आणखी एका जातीवर विषारीपणाच्या चाचण्या कराव्या लागतात. जेल निर्जंतुक करणे हीच एक डोकेदुखी : वाफेने तापवले तर रचना बिघडू शकते, गॅमा किरण दिले तर साखळ्या तुटू शकतात. म्हणजे सुरुवातीपासून निर्जंतुक खोलीत, औषधनिर्मितीच्या मानकांनुसार ते बनवावे लागते. दर बॅचचा घट्टपणा सारखा हवा, औषध सुटण्याचा वेग सारखा हवा, महिनोन्‌महिने टिकायला हवे. विद्यापीठातल्या रसायनशास्त्र विभागाकडे यातले काहीच नसते, आणि पीएचडी करणारी मुलगी प्रबंध देऊन निघून गेली की तिची वही कपाटात जाते. जैवतंत्रज्ञान विभागाने थेट गाठीत द्यायच्या कर्करोग-औषधांसाठी निदान एक सामायिक निर्मिती आणि विषारीपणा-चाचणी केंद्र उभारावे. देशातल्या कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेला ते खुले असावे आणि पहिल्या मानवी चाचणीपर्यंतचा निधी तिथूनच मिळावा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली ‘नेक्सकार-१९’ ही कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. प्रयोगशाळा, रुग्णालय आणि निर्मिती यांची सांगड घातली तर काय होते ते त्यातून दिसले. गुवाहाटीच्या जेलसाठी तशी सांगड आसामातच घालता आली तर आम्हाला आनंदच आहे. सगळे मुंबईत आणा, असा हट्ट नाही. ईशान्येच्या पेशंटने तीन दिवसांचा रेल्वेप्रवास करून परळला यायचे, हे आम्ही पुरेसे पाहिले आहे.

चौथी मागणी नियमांची. औषध नसलेले जेल २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येते. औषध भरले की २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम लागू होतात. पण ज्या जेलमध्ये औषध आहे आणि जे स्वतः गाठीला आधार, अंतर किंवा अडसरही देते, त्याचे काय? अशा संमिश्र उत्पादनांसाठी एकच खिडकी आणि लेखी मार्गदर्शिका हवी. भारतात शोधलेल्या औषधाच्या चाचणीच्या अर्जावर ३० कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायची तरतूद त्या नियमांत आहे. तिचा फायदा जेलना मिळावा. पण घाई अर्जाची करा, तपासणीची नको. चाचणीत इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई नियमांत आहेच. त्यात इंजेक्शनच्या जागचे मांस झडणे, जखम न भरणे आणि त्यासाठीची प्लास्टिक सर्जरी यांचा स्पष्ट उल्लेख व्हावा. नाहीतर ‘हा आजाराचाच भाग’ असे म्हणून हात वर होतात. संमतीपत्र मराठी, आसामी, बंगाली अशा पेशंटच्या भाषेत असावे आणि ते वाचून दाखवणारा माणूस चाचणीतल्या डॉक्टरांच्या पगारावर नसावा. चाचणीला येणाऱ्याचे आणि सोबतच्याचे भाडे, राहणे आणि बुडालेला रोज द्यावा.

पाचवी मागणी किंमत. इथे आम्ही नमते घेणार नाही. या जेलमागे आयआयटी आणि बोस इन्स्टिट्यूट आहेत, म्हणजे आमचा कर आहे. आतले डॉक्सोरुबिसिन पेटंटमुक्त आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतले. उद्या एखाद्या कंपनीने जेलचा परवाना घेऊन जुन्या औषधाला नवे वेष्टन दिले आणि शंभरपट किंमत लावली, तर कोणाला विचारायचे? परवान्याच्या करारातच कमाल किमतीची, सरकारी रुग्णालयांना सवलतीची आणि ठरावीक मुदतीत उत्पादन न केल्यास परवाना रद्द होण्याची अट घाला. करारातला हा भाग जाहीर करा. ‘नेक्सकार-१९’ परदेशातल्या कार-टी उपचारांच्या किमतीच्या सुमारे एक दशांशात मिळते याचा अभिमान आहे, पण ती किंमतही दोन आकडी लाखांत आहे आणि आमच्या बहुतेक सभासदांच्या घराची तेवढी किंमत नाही. २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधाचा सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याचा खर्च सुमारे २.८ लाख रुपयांवरून सुमारे ८,८०० रुपयांवर आला. २०१९ मध्ये ४२ कर्करोग-औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा आली. म्हणजे सरकारकडे हत्यारे आहेत. ती पेशंट मेल्यावर नव्हे, करार होतानाच उचलावीत. खरेदी नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याच्या एकत्रित वाटाघाटीतून व्हावी.

सहावी, योजनांबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत उपचार ठरलेल्या पॅकेजवर चालतात. पॅकेज नाही तर उपचार नाही, हा अनुभव आमच्या प्रत्येक घरात आहे. हायड्रोजेलचे इंजेक्शन बहुधा काही तासांचे काम असेल, सोनोग्राफीखाली सुई घालून. त्यासाठी डे-केअरचे स्वतंत्र पॅकेज औषध मंजूर होण्याआधीच ठरवून ठेवा, त्यात सोनोग्राफी, सुई आणि नंतरच्या जखमेची काळजी धरा. प्रोस्टेटच्या रेडिएशनआधीच्या जेलचा फायदा खर्चाच्या मानाने भारतात किती, हे आरोग्य संशोधन विभागाने आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनातून आत्ताच तपासावे. त्यासाठी नव्या शोधाची वाट पाहायची गरज नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढू, त्यातली २०० पहिल्याच वर्षी, असे सांगितले गेले. ती केंद्रे नुसती सलाईन लावायची खोली होऊ नयेत. तिथे फ्रिज आणि त्याला जनरेटर असावा. जेल थंड ठेवावे लागले आणि गडचिरोलीत दुपारभर वीज गेली, तर सिरिंज उघडायच्या आधीच औषध वाया गेलेले असेल. संशोधकांनाही आमची विनंती आहे : शक्य तर खोलीच्या तापमानाला टिकणारे आणि साध्या सुईतून जाणारे जेल बनवा.

शेवटची मागणी लहान आहे. या विषयावर तज्ज्ञ समिती नेमाल तेव्हा तीत पेशंटच्या दोन प्रतिनिधींना मताचा अधिकार द्या, नुसते निमंत्रण नको. चाचणीचा आराखडा ठरताना काय सोसणे परवडते हे तेच सांगू शकतात. उदाहरणार्थ, दर आठ दिवसांनी तपासणीला बोलावले तर दर वेळी सांगलीहून येणाऱ्या शेतमजुराचे दोन रोज बुडतात. तीच तपासणी जिल्हा रुग्णालयात केली तर तो चाचणी सोडून जात नाही.

या मागणीपत्राला ६० दिवसांत मुद्देसूद लेखी उत्तर मिळावे आणि तोवर भेटीची वेळ कळवावी. भेटीला आम्ही चौघे येऊ. त्यातल्या दोघी डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या आहेत आणि एकीला आता जिना चढता येत नाही, तेव्हा लिफ्ट चालू असलेल्या दालनात बैठक ठेवावी.

आपले,
कार्यकारिणी आणि सर्व सभासदांच्या वतीने,
अध्यक्ष व सचिव